टाकीपासून कार्बनपर्यंत : घरगुती मिक्सरच्या निगेचा इतिहास

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत वाटण-दळणाची साधने जितकी जुनी, तितकीच त्यांची निगा राखण्याची विद्याही जुनी आहे. मात्र साधनांविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे या विद्येविषयी लिहिले गेलेले नाही. पाटा आणि जाते वापराने गुळगुळीत होत, पाट्यावर मिरची नुसती सरकू लागे, जात्यातून भरड पीठ पडे, आणि मग पाथरवट, वडार किंवा टकारी समाजातील कारागिरांकडून दगडाला टाकी लावून घ्यावी लागे, म्हणजे छिन्नीने त्यावर पुन्हा बारीक खाचे पाडून घ्यावे लागत. टाकी लावल्यानंतर पहिले थोडे धान्य दळून फेकून देत, कारण त्यात दगडाची कच उतरलेली असे. दोष डोळ्यांना दिसणारा होता आणि दुरुस्ती दारातच होत असे.

वीज आल्यावर हे चित्र बदलले, पण लगेच नव्हे. मुंबईत वीजपुरवठा 1905 मध्ये सुरू झाला आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून 1915 पासून शहराला वीज मिळू लागली, तरी वाटणाचे काम पुढे अनेक दशके पाट्यावरच राहिले. परदेशी मिक्सर फळांचा रस काढणे, मलई घुसळणे अशा हलक्या कामांसाठी घडवलेले होते; सुकी हळद, भिजवलेली डाळ किंवा मिरच्यांसह ओले खोबरे वाटताना त्यांच्या मोटारी तापून जळत. सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच निकामी झाला, आणि त्यातून भारतीय वाटणाचा भार पेलणारी मोटार घडवण्याचा त्यांचा प्रयत्न सुरू झाला. 1963 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचा ‘सुमीत’ मिक्सर पुढील दोन दशकांत मध्यमवर्गीय घरांत रुळला.

या मिक्सरमधील मोटार ‘युनिव्हर्सल’ प्रकारची असते. भारतातील वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असल्यामुळे साधी इंडक्शन मोटार त्यावर मिनिटाला 3000 फेऱ्यांपलीकडे जाऊ शकत नाही, तर युनिव्हर्सल मोटार भार नसताना त्याच्या कित्येक पट वेग गाठते. या वेगाची किंमत मात्र झिजेच्या रूपाने द्यावी लागते, कारण फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे दोन छोटे ठोकळे कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्यावर सतत घासत राहतात. कार्बन आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणग्या वाढतात, मोटार अडखळत चालते. म्हणून जाणता कारागीर दोन्ही कार्बन एकदमच बदलतो आणि कम्युटेटर काळवंडला असल्यास तो बारीक पॉलिश पेपरने साफ करतो.

या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे मोटार आणि भांडे यांना जोडणारा, रबराचा किंवा प्लॅस्टिकचा, दातेरी कपलर होय. भांड्यातील पाते अडकले तर काही तरी तुटणारच, हे गृहीत धरून तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, जेणेकरून महाग मोटारीऐवजी काही रुपयांचा भाग झिजावा. तळाशी असलेले ओव्हरलोडचे, बहुधा लाल, बटणही याच विचारातून आले आहे : भार वाढून मोटार जास्त वीज ओढू लागली की ते प्रवाह तोडते. अशा वेळी प्लग काढून, भांडे उतरवून, वाटण कमी करून आणि मोटार थंड होऊ देऊन मगच बटण दाबायचे असते. बटण पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष बटणात नसून बहुधा आत आहे. मिक्सरवर छापलेले ‘30 मिनिटे रेटिंग’ हे शब्दही सलग अर्धा तास चालवण्याची मुभा देत नाहीत, तर साधारण पाच मिनिटे काम आणि दोन मिनिटे विश्रांती अशी आवर्तने सुचवतात.

खरा धोका पाण्याच्या वाटेने येतो. भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो, तो बुश झिजला की वाटणाचे पाणी झिरपून कपलरवर आणि तिथून मोटारीत उतरते. भांड्याखाली काळपट ओल दिसणे हे त्याचे पहिले लक्षण, आणि ते दिसताच भांडे वापरातून काढणे हाच उपाय. धातूच्या बॉडीच्या मिक्सरमध्ये ही ओल जीवघेणी ठरू नये म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन जाड आणि लांब ठेवलेली असते, त्यामुळे फेजच्या आधी अर्थ जोडला जातो. ती पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवण्याची, किंवा मान मोडलेल्या केबलला चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय म्हणूनच अक्षम्य आहे. केबल बदलली पाहिजे, आणि मिक्सर उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करून न थांबता प्लग काढला पाहिजे.

टाकीवाल्यांचे काम अशा रीतीने गल्लीतल्या मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानाकडे आले. तिथे जळालेली मोटार उघडून, जुन्या गुंडाळीचे वेढे मोजून, त्याच जाडीची एनॅमलची तार पुन्हा गुंडाळली जाते आणि वर वार्निश देऊन ती सुकवली जाते; कारखान्याने बनवणे थांबवलेल्या मॉडेलांचे बुश, पाती आणि कपलरही याच दुकानांच्या डब्यांत सापडतात.