व्हाइट बिल्डिंगचा सहावा मजला

शनिवार, २८ नोव्हेंबर १९४२. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत आणि तुम्ही बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, तातडीच्या विभागाच्या दाराशी उभे आहात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. अंगातल्या पांढऱ्या कोटामुळे कुणी तुम्हाला स्वयंसेवक समजून स्ट्रेचरचं एक टोक हातात देतं. तुम्ही ते धरता, कारण दारात गाड्यांची रीघ लागली आहे. त्यात अँब्युलन्स आहेत, टॅक्सी आहेत, वर्तमानपत्रं वाटणारे ट्रकसुद्धा आहेत.

मैलभरावर पीडमाँट स्ट्रीटवरच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला सव्वादहाच्या सुमारास आग लागली. तळघरातल्या बारमध्ये शोभेचे माड होते, त्यांवर आणि छताच्या कापडावर ती भडकली आणि पाचेक मिनिटांत वरच्या मोठ्या दालनात पोचली. परवानगी ४६० माणसांची, आत हजाराच्या आसपास. पुढचं फिरतं दार माणसांच्या रेट्यानं अडकलं, बाकीची काही कुलूपबंद, काही आतल्या बाजूला उघडणारी. ४९२ माणसं गेली. त्या दारांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि पुढे कायदेही बदलले. तुम्ही मात्र क्लबकडे धावू नका, इथेच थांबा. रुग्णालयाच्या दारात काय चाललंय ते बघायला फारसं कुणी येत नाही.

तुमच्या स्ट्रेचरवर विशीतली एक मुलगी आहे. अंगावर भाजल्याची खूण नाही, गालांवर लाली आहे. तुम्हाला वाटतं, ही वाचली. डॉक्टर नाडी बघतात, डोळ्यांवर उजेड टाकतात आणि मार्गिकेकडे बोट दाखवतात. ती लाली कार्बन मोनॉक्साइडची आहे. मार्गिकेत शेजारी शेजारी चादरी अंथरल्या जात आहेत. मागून एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो, बोलतो, नाव सांगतो आणि काही वेळानं श्वासासाठी तडफडू लागतो. धुरानं आणि उष्ण वायूंनी आतून भाजलेली फुप्फुसं अशी उशिरा दगा देतात.

दारातल्या डॉक्टरांसमोर पहिला प्रश्न एकच आहे: जिवंत की मृत? तो इतका उघडा विचारावा लागतोय, कारण घटनास्थळी कुणी निवड केलेलीच नाही. जिवंत आणि मृत एकाच गाडीत घालून पाठवले गेलेत, आणि तेही जवळपास सगळे दोनच रुग्णालयांत. इथे दोन तासांत ११४ माणसं येतात. त्यांतली ७५ आणतानाच मेलेली असतात किंवा पोचल्यावर थोड्याच वेळात जातात. बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये तर तासाभरात तीनशेच्या आसपास. दर अकरा सेकंदांना एक, असा हिशेब नंतर मांडला गेला. शहरातल्या इतर रुग्णालयांत खाटा आणि डॉक्टर असूनही त्यांच्या वाट्याला मोजकेच रुग्ण आले. त्या रात्रीची मला सर्वांत टोचणारी बाब हीच आहे. मोठ्या आपत्तीत जवळच्या रुग्णालयावर लोंढा आदळतो आणि दोन मैलांवरचं रुग्णालय रिकामं राहतं, हे त्यानंतरही जगभर पुन:पुन्हा घडत आलंय.

ज्यांचा श्वास चालू आहे ते शांत पडलेले नाहीत. ओरडतात, हातपाय झाडतात, सुई टोचू देत नाहीत. काही वेदनेनं, काही मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे. मॉर्फिन दिलं जातंय, पण एवढ्या गर्दीत कुणाला दिलं आणि कुणाला नाही हे लक्षात कसं ठेवायचं? दुसऱ्यांदा दिलं तर तेच प्राण घेईल. केसपेपर करायला वेळ नाही. मग लिपस्टिक हाती येते आणि ज्याला मॉर्फिन दिलं त्याच्या कपाळावर 'एम' हे अक्षर उमटतं. आज आपण अशा रुग्णांच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधतो; गरज तीच आहे.

आता घड्याळाचे काटे आठवडाभर मागे फिरवा. रविवार, २२ नोव्हेंबर. याच शहरात कवायत चालू आहे. जर्मन विमानांनी बोस्टनवर बाँब टाकले असं धरून शेकडो लुटुपुटूचे जखमी गोळा केले जात आहेत. पर्ल हार्बरला वर्ष होत आलंय, अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या शहरांना हल्ल्याची धास्ती आहे. रस्त्यावर बघे उभे आहेत आणि काहींना हा खेळच वाटतोय. आपल्याकडेही मॉक ड्रिल म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, कामाचा खोळंबा म्हणून. पण त्या रविवारी ज्यांनी जिने चढून पाहिले, फोनची यादी तपासली, स्ट्रेचर कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार हे ठरवलं, त्यांना सहा दिवसांनी विचार करत थांबावं लागलं नाही.

याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत डोकावा. हल्ल्याच्या भीतीपोटी इथे प्लाझ्मा साठवून ठेवलेला आहे. माणूस मोठ्या प्रमाणावर भाजला की रक्तातला पातळ भाग केशवाहिन्यांतून झिरपून जखमांत आणि सुजेत जातो. उरलेलं रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो आणि माणूस पहिल्या एक-दोन दिवसांतच शॉकमध्ये जातो. तो गेलेला द्रव वेळेवर परत भरावा लागतो. आग लागल्यानंतर दात्यांना बोलावून, रक्त घेऊन, त्यातून प्लाझ्मा वेगळा करायला बसलं असतं तर उशीर झाला असता. बाँब काही पडले नाहीत. बाटल्या मात्र भरलेल्या होत्या.

तिसरी तयारी डोळ्यांना दिसणारी नाही. भाजलेल्या रुग्णावर त्या काळी टॅनिक ॲसिड किंवा जांभळे रंग फासून कडक खपली धरवण्याची पद्धत होती. त्याआधी जखम खरवडून साफ करायची, फोड कापायचे. एका रुग्णापाठी कितीतरी वेळ आणि कितीतरी हात. डॉ. ऑलिव्हर कोप यांच्या मनात याबद्दल शंका होती आणि पर्ल हार्बरनंतर युद्धातल्या भाजलेल्यांसाठी संशोधन सुरू झालं तेव्हा त्यांनी सोपी पद्धत तपासून पाहिली: जखम घासायची नाही, फोड फोडायचे नाहीत, व्हॅसलिनसारखं सौम्य मलम लावलेली जाळी ठेवून वर दाबून पट्टी बांधायची. म्हणजे २८ तारखेच्या रात्री कोणती पद्धत वापरायची यावर वाद घालायची वेळच आली नाही. निर्णय आधीच झालेला होता, आणि एका रुग्णाला लागणाऱ्या वेळात अनेकांच्या पट्ट्या झाल्या.

परत या. मध्यरात्र उलटली आहे. पाळी बदलण्याची वेळ असल्यामुळे दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका हाताशी मिळाल्या. एवढा एक योगायोग रुग्णालयाच्या बाजूनं पडला. तुम्ही जिवंत राहिलेल्या ३९ जणांपैकी एकाला वर नेताय. व्हाइट बिल्डिंग, सहावा मजला. शस्त्रक्रियेचा हा वॉर्ड इथल्या रुग्णांना दुसरीकडे हलवून मोकळा करून घेतलाय. भाजलेले सगळे एकाच ठिकाणी, म्हणजे जंतुसंसर्ग आत येऊ न देणं सोपं आणि देखरेख करणारे हातही तेच. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. खाटेगणिक सलाइन-प्लाझ्माच्या बाटल्या लटकतात. एकोणतीस वर्षांचे रेसिडेंट डॉ. फ्रान्सिस मूर खाटांमधून फिरतायत. कोप आणि मूर मिळून १९४७ साली भाजलेल्याला किती द्रव द्यावा याचा हिशेब मांडतील. त्याची मुळं या मजल्यावरच्या रात्रींत आहेत.

या ३९ जणांपैकी सात जण दगावले, सगळे फुप्फुसांच्या इजेमुळे. त्वचेच्या जखमेनं कुणी गेलं नाही. धुराचं काय करायचं याचं उत्तर मात्र तेव्हा कुणाजवळ नव्हतं. ऑक्सिजनचे तंबू होते, श्वासनलिकेला छेद देणं होतं, बाकी वाट पाहणं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पोलीस बंदोबस्तात एक गाडी बोस्टनमध्ये शिरते. न्यू जर्सीतल्या राहवे इथून मर्क कंपनीनं ३२ लिटर द्रव पाठवलाय, त्यात पेनिसिलिन आहे. सर्वसामान्य माणसाला ते अजून मिळत नाही, सैन्यासाठी राखून ठेवलेलं आहे. पुढे या घटनेची दंतकथा झाली, पेनिसिलिननं बोस्टनला वाचवलं अशी. पण तेव्हा दिलेले डोस इतके लहान होते की त्यांचा परिणाम किती हे सांगता येत नाही, असं उपचार करणाऱ्यांचंच म्हणणं. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा त्या गाडीपेक्षा मोठा वाटतो. जून १९४३ मध्ये 'ॲनल्स ऑफ सर्जरी'नं जवळपास अख्खा अंक याच रुग्णांना दिला. काय केलं, काय जमलं, काय कळलं नाही, सगळं लिहिलेलं. पुढच्या रुग्णालयाला ते वाचता यावं म्हणून.

एकदा तळमजल्यावर चला. नातेवाईक आहेत इथे. कुणाच्या हातात फोटो, कुणी अंगठीचं वर्णन सांगतंय. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बायका याद्या घेऊन त्यांच्याजवळ बसल्यात. काहींना वॉर्डाकडे न्यायचं, काहींना मार्गिकेकडे.

या रुग्णांकडे आणि नातलगांकडे डॉ. एरिक लिंडेमान हे मनोविकारतज्ज्ञ लक्ष देऊ लागतात. त्यांच्या नोंदींतला एक तरुण बत्तीस वर्षांचा आहे. भाजणं किरकोळ. पत्नी त्याच आगीत गेली. बातमी कळल्यावर तो फारसा रडला नाही, सावरलेला दिसला, घरी गेला. १ जानेवारी १९४३ रोजी घरच्यांनी त्याला परत आणलं: अस्वस्थ, भेदरलेला, तिला वाचवता आलं नाही म्हणून स्वतःला दोष देत राहणारा. दाखल झाल्यावर सहाव्या दिवशी त्यानं बंद खिडकीतून उडी टाकली. त्वचेच्या हिशेबात तो केव्हाच बरा झालेला होता.

लिंडेमान यांनी १०१ जणांच्या निरीक्षणांवरून १९४४ साली तीव्र दुःखावर लेख लिहिला. चार ते सहा आठवड्यांत आठ-दहा भेटी झाल्या तर माणसाला दुःखातून वाट काढायला मदत होते, असा त्यांचा अंदाज. प्रत्येक भेटीला मनोविकारतज्ज्ञच हवा असंही नाही. समाजसेवक आणि धर्मगुरू यांनाही हे शिकवता येईल, असं त्यांनी लिहिलं, कारण एकाच रात्री शेकडो घरांत माणूस कमी होतो तेव्हा तेवढे तज्ज्ञ उभे करता येत नाहीत, हे त्यांनी बोस्टनमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.