बट्टा, सिक्का आणि रकाना

पेशवाईच्या उत्तरकाळात महाराष्ट्राच्या पेठांतून अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का अशी नाना टाकसाळींची नाणी एकाच वेळी चालत असल्यामुळे, जमाखर्चात नुसता आकडा मांडून कारकुनाची सुटका होत नसे. रुपया कोणता, त्यात चांदी किती आणि त्यावर बट्टा किती, हे पारखूनच वसुलाची रक्कम जमा धरावी लागे, आणि ती पारख पोतदाराची असे. या व्यवहारात सराफाचे फावे, रयतेचे क्वचितच. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया प्रमाण ठरविला, आणि बट्ट्याची ही विद्या हळूहळू अस्तंगत झाली.

तथापि अनेक चलनांचा प्रश्न संगणकाच्या तक्त्यात पुन्हा उद्भवलाच. ‘एक्सेल ९७’मध्ये अटीनुसार स्वरूप पालटण्याची सोय आली खरी, पण ती रंग, अक्षरवळण व चौकट यांपुरतीच मर्यादित होती, शेजारच्या रकान्यात ‘आयएनआर’ असता रुपयाचे आणि ‘यूएसडी’ असता डॉलरचे चिन्ह आपोआप उमटविणे शक्य झाले ते २००७ च्या आवृत्तीपासून. (आपल्या रुपयाला स्वतंत्र चिन्ह लाभले तेही २०१० मध्ये!) मात्र चिन्ह पालटल्याने मूळ संख्या पालटत नाही, विनिमयदराचा गुणाकार निराळ्या सूत्राने करावा लागतो, आणि नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते.