पनवेल : पेठ आणि पंचक्रोशी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्याला माहीत असलेल्या विषयावर चार ओळी लिहाव्यात, असे बैठकीत ठरले. पाककृती, बालसंगोपन, व्रतवैकल्ये यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझे माहेर याच तालुक्यातल्या एका खेड्यात आणि सासर पनवेलात. म्हणून ज्या गावाने आपणां सर्वांना पोसले, त्या पनवेलची हकीगत लिहावी असे मनात आले.

नवी मुंबईत नव्याने राहावयास आलेल्या भगिनींना पनवेल म्हणजे लोकलचे शेवटचे स्थानक आणि एस.टी.चा मोठा डेपो एवढेच ठाऊक असते. पण लोकल येथे १९९८ साली आली. गाव त्याच्या कितीतरी आधीचे आहे. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा उतारू गलबतातून भरतीच्या पाण्यावर पनवेल बंदरात उतरे आणि तेथून पुढे घाटाची वाट धरी. १७७८ च्या अखेरीस पेशव्यांवर चालून निघालेली इंग्रजांची फौजसुद्धा पनवेलासच उतरली होती. घाट चढून ती वडगावपर्यंत गेली, तेथे मराठ्यांनी तिला कोंडीत धरले, आणि जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना तह करून परत फिरावे लागले. पुढे १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या पेठेत बैलगाड्यांची रीघ लागली.

गाड्या आल्या म्हणजे चाके आली. गाड्या व गाड्यांची चाके बनविणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता. सुताराने सागाचा किंवा खैराचा लाकूडमाल घडवावा, मधला तुंबा, त्यात बसणारे आरे अचूक मापाने करावेत आणि लोहाराने तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून वरून पाणी ओतावे. धाव आक्रसली की सारे सांधे घट्ट बसत. सुतार आणि लोहार या दोघांचा हात लागल्याशिवाय चाक होत नसे. मला वाटते, पेठ आणि खेडी यांचेही असेच होते. एकाने दुसऱ्याला आवळून धरले होते.

१८६३ साली आगगाडी बोरघाट चढून गेली, पण ती कल्याण-कर्जतवरून. पनवेलचा दूरचा व्यापार त्यामुळे कमी झाला आणि खाडीही गाळाने भरत चालली. दुसरे एखादे गाव अशाने ओस पडले असते. पनवेल पडले नाही, कारण त्याच्याभोवती भाताची खेडी होती. मुंबई-पुण्याची वाट मोडली तरी पंचक्रोशीची वाट मोडली नव्हती.

या खेड्यांतून काय येत असे? मुख्य म्हणजे भात. खाडीकाठच्या आमच्या आगरी लोकांनी बांध घालून समुद्राकडून जमीन मिळविली होती. तिला खार म्हणतात. बांधाला उघाडी ठेवलेली असे. ओहोटीला तिच्यातून आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे खारे पाणी आत येऊ नये, अशी ती युक्ती. बांधाला एका रात्रीत खांड पडली तर वर्षाचे पीक हातचे जाई आणि पुढची दोन-तीन वर्षे जमीन आंबट-खारट राही. म्हणून खांड पडल्याची हाक आली की जेवत्या ताटावरून उठून सारा गाव चिखल टाकायला धावे. त्यात बायका मागे नसत. खाऱ्या जमिनीत रात्यासारखे लाल भात होई. आजही पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे आणि तेथे तयार झालेल्या भाताच्या खारट जमिनीतल्या जाती ‘पनवेल’ याच नावाने ओळखल्या जातात. आपल्या गावाचे नाव भाताच्या लोंबीला मिळाले, हा मान लहान नव्हे.

भाताखेरीज मिठागरांचे मीठ येई. कोळणी मासळी व सुकट आणीत. डोंगराकडून ठाकूर आणि कातकरी बाया मोळी, मध, करवंदे आणि पावसाळ्याच्या तोंडाला शेवळे, कर्टुली घेऊन उतरत. शेवळे खाजरी असतात. त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळे घातल्याशिवाय भाजी घशाला खवखवते. म्हणून ती बाई शेवळांच्या जुडीसोबत काकडे आपणहून देत असे. हे शास्त्र तिला कोणत्या शाळेत शिकविले होते?

आणि पेठ काय देई? भात गिरणीतून भरडून मिळे. गिरणी येण्याआधी हेच काम बायकांना घरी घिरटावर आणि मग उखळ-मुसळाने करावे लागे. गिरणीने आमच्या सासवांच्या खांद्यांवरचा केवढा भार उतरविला, हे त्यांनाच विचारावे. नांगराचा फाळ, गाडीचे चाक, घागर, कापड, लग्नाचा बस्ता, हे सर्व पनवेलात मिळे. तालुक्याची कचेरी आणि कोर्टही येथेच. वैद्यही येथेच. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे सुरू केलेला श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना पुढे देशभर नावाला चढला.

पेठेतील माणसेही नाना परीची. ब्राह्मण, वाणी, मारवाडी, गुजराती, मुसलमान, बोहरी, कोळी हे तर होतेच. शिवाय बेने इस्रायल होते. हे कोकणातले जुने यहुदी. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलत, बायका नऊवारी नेसत. त्यांचे बेथ एल नावाचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. १९४८ साली इस्रायल देश झाल्यावर त्यांची पुष्कळ घरे तिकडे गेली, पण पनवेलचा इस्रायल तलाव त्यांची आठवण सांगत अजून आहे. वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण याच तालुक्यातले. शेतकऱ्यांचे दैन्य डोळ्यांनी पाहून पेटून उठलेला हा वीर १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारला.

हे सर्व वाचून पूर्वी सगळे गोडच होते असे कोणी समजू नये. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की शेतकरी सावकाराकडून खावटी आणी आणि पीक निघाल्यावर दिडीने फेडी. एक मण नेले तर दीड मण घालावयाचे. मापही सावकाराचे आणि वहीही सावकाराची. कष्ट करणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसल्याने वहीत काय आहे हे त्याला कळावयाचे नाही. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली, तेव्हा खेड्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तो श्वास पुरता घेतला-न-घेतला तोच दुसरी लाट आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यावयाचे ठरले. नुकती हाती आलेली जमीन थोड्या मोबदल्यात जाऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. आंदोलनात आमच्या बायका पदर खोचून पुढे होत्या, हे वडीलधाऱ्यांकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आता मला जे सांगावयाचे आहे ते येथून पुढे आहे. लावणीला कमरेत वाकून चिखलात दिवस काढले बायकांनी. बांधाला चिखल टाकला बायकांनी. मोर्चात गेल्या बायका. पण सातबारावर नाव बापाचे, मग भावाचे. मोबदला आला, भूखंड आला, तेव्हा बहिणींपुढे हक्कसोडीचा कागद आला. आमच्या महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. तरी कागद चालूच आहेत. माझ्या माहेरीही असा कागद झाला. भावाशी माझे वाकडे नाही. भाऊबीजेला तो येतो, मी ओवाळते. पण तो कागद मला कोणी वाचून दाखविला नाही. “ताई, येथे सही कर,” एवढेच सांगितले गेले. पूर्वी सावकाराची वही आमच्या बापजाद्यांना वाचून दाखवीत नसत. आम्ही सातवी शिकलो, तरी आमच्या वाट्याला तेच यावे काय? हक्क सोडावयाचा असेल तर बहिणीने खुशाल सोडावा, परंतु काय सोडते आहे हे जाणून सोडावा. माया एका जागी आणि कागद एका जागी.

पनवेल आता महानगर झाले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि पहिल्या महापौरपदाचा मान डॉ. कविता चौतमोल या एका स्त्रीला मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, घरोघरी नळ आले. हे चांगलेच झाले, त्याला नाके मुरडू नयेत. पण ज्या खेड्यांच्या जिवावर पेठ उभी होती, त्यांची शेते इमारतींखाली गेली. आपल्या वसाहतीच्या इमारतीही शेतांवरच उभ्या आहेत. उरलेल्या गावांतून आणि वाड्यांवरून आजही काही बाया पहाटे टोपली घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांना आज येथून, उद्या तेथून उठावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्याच आज्या या पेठेत टोपली घेऊन येत होत्या. आपण त्यांना ‘रस्ता अडविणाऱ्या’ म्हणतो!

तेव्हा भगिनींनो, वर्धापनदिनी नुसती भाषणे न करता आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे मला सुचवावेसे वाटते. पहिली, आपल्या घरातील सत्तरीच्या पुढच्या बायकांकडून खारीच्या, बांधाच्या, गिरणीच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. पायली, मण, खंडी हे शब्द त्यांच्याबरोबर जाऊ नयेत. दुसरी, टोपलीवाल्या बायांना बसावयास बाजारात पक्के ओटे मिळावेत म्हणून मंडळाने सह्यांचा अर्ज करावा, आणि तोवर निदान त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. तिसरी, महिन्यातून एक दुपार मंडळात कागद वाचण्याची ठेवावी. जिच्याकडे जो कागद आला असेल तो तिने घेऊन यावा, आपल्यातील शिकलेल्या मुलींनी तो मोठ्याने वाचावा, अर्थ सांगावा, आणि मगच ज्याची त्याने सही करावी.

गाडीच्या चाकाचे मी वर सांगितले. आरे कितीही चांगले असले तरी धाव नसेल तर चाक पहिल्याच खड्ड्यात विखुरते. मंडळ ही आपली धाव आहे. तिला गंज चढू न देणे आपल्या हाती आहे.