अलिप्त यजमान, धातूंचे पाहुणे

हेलियम आणि सोडियम यांची नावं पहिल्यांदा एकत्र आली ती एका गैरसमजामुळे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात तेव्हा एक पिवळी रेघ आढळली. ती सोडियमचीच, असं अनेकांना वाटलं. पण तिची जागा किंचित वेगळी होती. इंग्लंडमधल्या नॉर्मन लॉकियर यांनी ती एका अनोळखी मूलद्रव्याची ठरवली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ साली, विल्यम रॅम्से यांच्या.

हेलियमचा स्वभाव अलिप्त. तो सहसा कोणाशी संयोग पावत नाही. त्याचे अणू एकमेकांनाही जेमतेम धरून असतात. म्हणूनच त्याचा द्रव व्हायला १० जुलै १९०८ हा दिवस उजाडावा लागला. हॉलंडमधल्या लायडन इथे कॅमरलिंग ओनेस यांनी ते साधलं, उणे २६९ अंश सेल्सिअसला. हा द्रव आणखी थंड केला की घर्षणाविना वाहतो, हे १९३८ साली मॉस्कोत कापित्झा यांनी आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिसेनर यांनी जाहीर केलं.

आता धातूंकडे वळू. धातूचे अणू भारी मिलनसार. दोन भेटले की चिकटतात, भांड्याची भिंत भेटली तर तिलाही चिकटतात. मग त्यांचे चार-सहा अणूंचे पुंजके निवांत तपासायचे कुठे? त्यासाठी पाहुण्याला धक्का न लावणारं घर हवं. ते मिळालं हेलियमच्या सूक्ष्म थेंबात. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेन इथे पीटर टोनिस आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे जाचिंतो स्कोलेस यांच्या गटांनी ही वाट रुळवली.

रीत सांगायला सोपी आहे. अतिथंड हेलियम दाबाखाली, केसाहून बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडायचा. त्याचे हजारो-लाखो अणूंचे थेंब बनतात. वाटेत धातूची विरळ वाफ ठेवली की थेंब तिचे अणू उचलत जातो. पाहुण्यानं आणलेली उष्णता थेंब स्वतःचे काही अणू उडवून घालवतो आणि पुन्हा उणे २७२.८ अंशांवर येतो. यजमान झिजतो, पण घर थंड राहतं.

मात्र सगळे पाहुणे सारखे वागत नाहीत. चांदीचे अणू आत शिरून एकत्र येतात. सोडियम आत जातच नाही. त्याचा बाहेरचा सैल इलेक्ट्रॉन हेलियमला दूर लोटतो, म्हणून तो कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा पृष्ठभागावरच राहतो. तिथे दोन सोडियम घट्ट बांधले गेले, तर उष्णतेच्या धक्क्यानं बहुधा थेंबावरून उडून जातात. सैल बांधलेली जोडी टिकते. एरवी क्वचितच दिसणाऱ्या अशा नाजूक जोड्या १९९५-९६मध्ये प्रिन्स्टनला अभ्यासता आल्या. मॅग्नेशियमचं तर नवलच. त्याचे अणू सुमारे एक नॅनोमीटर अंतर राखून फेसासारखे थबकतात आणि प्रकाशानं डिवचलं की एकमेकांवर कोसळतात, असे पुरावे जर्मनीतल्या रोस्टॉकच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली मांडले.

२०१२ साली तर पाहुण्यांनीच घराचा नकाशा काढून दिला. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस इथे मोठे थेंब पातळ कार्बनवर आदळवले, तेव्हा आतली चांदी रांगेत मांडलेली दिसली. थेंबातल्या अदृश्य भोवऱ्यांच्या रेषांवर ती जमली होती.

'याचा उपयोग काय?' असं मला हमखास विचारलं जातं. मी म्हणतो, धातू अणूअणूनं कसा घडतो, हे त्याला हात न लावता पाहता येतं, ही काय थोडी मिळकत आहे? कोणाशीच न जुळणारा म्हणून ओळखला जाणारा हा वायू. त्याच्या त्या तुटकपणामुळेच आपल्याला इतरांचं जुळणं पाहायला मिळालं.