पपईचं इंजेक्शन

मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, हे बहुतेकांना माहीत असेल. पपईच्या चिकातली एंझाइम्स प्रथिनं तोडतात. त्यातल्याच एकाने डॉक्टर मंडळींनी कमरेतली सरकलेली गादी विरघळवायचा प्रयत्न केला होता, हे मात्र मला अलीकडेच कळलं. म्हणून आज जरा सविस्तर.

1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जननी दाखवून दिलं की सायटिकामागे, म्हणजे कमरेपासून पायात जाणाऱ्या कळेमागे, बऱ्याचदा मणक्यांमधली फुटलेली गादी असते. त्याआधी ऑपरेशनमध्ये सापडणारा तो गोळा अनेकदा कूर्चेची गाठ समजला जायचा. मग काय, गादी काढायची ऑपरेशनं धडाक्यात सुरू झाली.

1956 मध्ये लुइस थॉमसने (पुढे निबंधकार म्हणून गाजला तोच) सशांच्या शिरेत पपेन टोचलं. त्यांचे ताठ कान दिवसभरात लोंबायला लागले, आणि काही दिवसांनी पुन्हा ताठ! कानातल्या कूर्चेला ताठपणा देणारा मसाला विरघळून गेला होता. इलिनॉयमधल्या लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरने हाच धागा पुढे नेला. गादीतला मऊ गर पाणी धरून ठेवतो तो प्रोटीओग्लायकन नावाच्या रेणूंमुळे. ते तोडले की पाणी जातं, दाब उतरतो, नस मोकळी होते. 1964 मध्ये त्याने माणसांवरच्या प्रयोगांचा अहवाल छापला. एंझाइमचं नाव कायमोपपेन. चिरफाड नाही, नुसती सुई.

हजारो लोकांना टोचून झाल्यावर, 1975 च्या सुमारास, अमेरिकेत पहिली डबल ब्लाइंड चाचणी झाली. (क्रम उलटा आहे, हे सांगायला नकोच.) निकाल: खरं इंजेक्शन आणि खोटं इंजेक्शन यांत दखल घेण्याजोगा फरक नाही. परवानगीचा अर्ज मागे घेतला गेला आणि अमेरिकन पेशंट सुईसाठी कॅनडाला जाऊ लागले.

पण गोम पुढेच आहे. त्या खोट्या इंजेक्शनात साधं पाणी नव्हतं. एंझाइम सोडून औषधातली बाकी सगळी रसायनं होती, आणि तीही गादीवर परिणाम करत असतील असा आक्षेप आला. आमच्या भाषेत सांगायचं तर बेसलाइनच संशयास्पद. मग ऑस्ट्रेलियात फ्रेझरने 60 जणांवर चाचणी घेतली, तुलनेला मिठाचं पाणी. 1982 मध्ये ती छापून आली. या वेळी कायमोपपेन सरस ठरलं. त्याच वर्षी अमेरिकेत परवानगीही मिळाली.

मला मात्र त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसतं मिठाचं पाणी घेतलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त लोकांना सहा महिन्यांत बरं वाटत होतं. नॉर्वेच्या वेबरने 1983 मध्ये ऑपरेशनबद्दलही असंच काहीसं दाखवलं. वर्षभरानंतर ऑपरेशनवाले पुढे, चार वर्षांनी फरक पुसट, दहा वर्षांनी जवळपास नाहीच. म्हणजे हे दुखणं बऱ्याच जणांचं आपणहून उतरतं, आणि श्रेय ज्याचा उपचार शेवटी झाला त्याला मिळतं.

हे नुसतं श्रेयाचं भांडण असतं तर सोडून देता आलं असतं. पण कायमोपपेनची काहींना जीवघेणी ॲलर्जी आली. शंभरात एकाहून कमी, पण त्यात माणसं गेली. थोड्या जणांच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडले. यातल्या कितीजणांचं दुखणं तसंही थांबलं असतं? सर्जन बिचकले, मागणी आटली, आणि 2003 पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेलेलं होतं.

कल्पना मात्र मेली नाही. 2018 मध्ये जपानने कोंडोलिएजला परवानगी दिली. हे एंझाइम एका जिवाणूपासून मिळतं आणि प्रथिनांऐवजी प्रोटीओग्लायकनमधल्या साखरेच्या साखळ्या तोडतं. त्याच्या चाचणीत खऱ्या इंजेक्शनवाल्यांचं पाय दुखणं जास्त कमी झालं. खोट्यावाल्यांचंही बरंच कमी झालं होतं.