घरातलं रेकॉर्डिंग आणि ऐकणाऱ्याचा कान

१९८२च्या जानेवारीची सुरुवात. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीन एकटाच गात होता. समोर चार ट्रॅकचं टीॲक कंपनीचं कॅसेट यंत्र, दोन साधे मायक्रोफोन आणि हातात गिटार. रेकॉर्ड काढावी म्हणून तो गात नव्हता. पुढे बँडला गाणी समजावीत, यासाठी त्याला कच्चा खर्डा हवा होता. ही गाणी त्यानं एका जुन्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर उतरवली आणि कॅसेट मॅनेजर जॉन लँडाऊकडे पाठवली. सोबत गाण्यांविषयी हातानं लिहिलेल्या टिपा होत्या.

घरी गाणं रेकॉर्ड करून ‘मिक्स कसा झालाय, सांगा ना’ असं विचारणं हल्ली सर्रास दिसतं. लॅपटॉप आला म्हणून हा प्रश्न जन्माला आला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. मला तो अमेरिकेच्या कंट्री संगीतात सर्वांत स्वच्छ दिसतो.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ आणि शेतकरी वस्त्यांचं गाणं. फिडल युरोपातून आलं. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला. १९२७च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर आपली यंत्रं घेऊन टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टॉल शहरात आला. टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्यानं तात्पुरता स्टुडिओ थाटला. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे आवाज पहिल्यांदा तिथेच नोंदवले गेले.

तेव्हा गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जाई. एकदा कोरलं की कोणाचा आवाज वाढवायचा आणि कोणाचा घटवायचा, याची सोय उरत नसे. मायक्रोफोनपासून कोण किती अंतरावर उभं राहणार, हाच त्या काळातला मिक्स. फिडल फार चढलं तर वाजवणाऱ्यानं मागे सरकायचं. गाणारे डोंगरातले होते, पण रेकॉर्ड बाजारात जाणार की नाही हे ठरवणारा कान कंपनीचा होता.

पुढे मल्टीट्रॅक टेप आली आणि गाणं घडवण्याची रीतच बदलली. नॅशव्हिल शहरात ओवेन ब्रॅडलीनं एक घर विकत घेऊन त्यात स्टुडिओ केला आणि त्याला लष्करी पद्धतीची अर्धगोल पत्र्याची शेड जोडली. १९६१च्या ऑगस्टमध्ये पॅट्सी क्लाइन तिथे विली नेल्सननं लिहिलेलं ‘क्रेझी’ गायला आली. मोटार अपघातात दुखावलेल्या तिच्या बरगड्या अजून बऱ्या झाल्या नव्हत्या. वरचे सूर लागेनात. बँडचं वादन आधी टेप करून ठेवलं गेलं आणि काही आठवड्यांनी तिनं येऊन आपला आवाज त्यावर चढवला. साथ एका दिवसाची, आवाज दुसऱ्या दिवसाचा. दोन्ही जुळवणं हे आता स्वतंत्र काम झालं.

रॉक अँड रोल तरुण श्रोते पळवत होता. त्याला उत्तर म्हणून ब्रॅडली आणि चेट ॲटकिन्स यांनी फिडल मागे ढकललं, व्हायोलिनचे ताफे आणि कोरस पुढे आणले. यालाच ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात. त्यातून ‘क्रेझी’सारखी अप्रतिम गाणी निघाली, हे मान्य करायलाच हवं. पण गाणं कसं ऐकू यावं, याचा शेवटचा शब्द आता रेडिओ आणि बाजाराचा होता.

स्प्रिंगस्टीनची कॅसेट इथे महत्त्वाची ठरते. तीच गाणी त्यानं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बँडसोबत वाजवून पाहिली. आवाज भरदार झाला, मात्र गाण्यातली एकटी माणसं हरवली. खूप खटपटीनंतर ठरलं की कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढायची. तिच्यातली खरखर आणि क्षीण आवाज यांमुळे तबकडी तयार करताना तंत्रज्ञांचा घाम निघाला. सप्टेंबर १९८२मध्ये ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी कंट्रीतला बुजुर्ग जॉनी कॅश यानं त्यातली दोन गाणी आपल्या पद्धतीनं गायली आणि अल्बमला त्यातल्याच एका गाण्याचं नाव दिलं: ‘जॉनी ९९’.

याच कॅशला कोलंबिया कंपनीनं १९८६मध्ये निरोप दिला. २८ वर्षांचं नातं संपलं. नॅशव्हिलच्या लेखी तो जुना माल झाला होता. १९९३मध्ये रॅप आणि हेवी मेटलचा निर्माता रिक रुबिन यानं त्याला लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी बसवलं आणि आवडतील ती गाणी गायला लावली. काही गाणी वादक घेऊनही करून पाहिली. शेवटी दोघांचं एकमत झालं की एकट्या गिटारवरचा कच्चा आवाजच खरा आहे. १९९४मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. गंमत म्हणजे ते कंट्री विभागात नव्हे, लोकसंगीताच्या विभागात मिळालं.

माझा भाचा पुण्यात कोंढव्याला राहतो. खिडकीला गोधडी टांगून त्यानं कॅशचं १९५६चं ‘आय वॉक द लाइन’ रेकॉर्ड केलं आणि मित्रांना पाठवलं. एकानं लिहिलं ‘भारी’, दुसऱ्यानं ‘बेस वाढव’, तिसऱ्यानं ‘आवाज घुमव जरा’. यानं सगळ्यांचं ऐकलं. महिन्याभरात गाण्याच्या आठ आवृत्त्या झाल्या आणि नेमकी कोणती चांगली, हेच त्याला कळेना. मग मला फोन. “मामू, तुम्ही तरी खरं सांगा.”

मी वादक नाही, इतिहास वाचणारा माणूस. मी इतकंच सांगितलं की तिसऱ्या कडव्यात ड्रमखाली शब्द बुडतात. मूळ गाण्यात ड्रम नाहीत. ढोलवाला नव्हता म्हणून कॅशनं गिटारच्या तारांत कागद अडकवून ती खसखस काढली होती. शिवाय आठही आवृत्त्या सारख्याच आवाजात लावून बघ, कारण जी मोठ्यानं वाजते ती कानाला उगाच सरस वाटते. फोनच्या स्पीकरवर ऐक, रिक्षातही ऐक. त्यानं ड्रम काढले. कागद अजून नीट जमत नाही, पण शब्द ऐकू येतात.

‘भारी’ म्हणणारा आपला असतो, पण त्याच्या शब्दानं गाणं पुढे सरकत नाही. कुठे, कोणता शब्द, कशाखाली दबला, हे सांगणारा उपयोगी पडतो. आणि हे विचारायला आता कोणत्याही कंपनीचं दार ठोठवावं लागत नाही. जो निर्णय ब्रिस्टॉलमध्ये पीरच्या हातात होता, तो आज गाणाऱ्याच्या हातात आहे. म्हणूनच कोणाचं ऐकायचं, ही जबाबदारीही त्याचीच.

२००२मध्ये कॅशनं ट्रेंट रेझ्नर या रॉक संगीतकाराचं ‘हर्ट’ गायलं. आपलं अगदी खासगी गाणं दुसऱ्याच्या तोंडी ऐकून रेझ्नर आधी अस्वस्थ झाला होता. व्हिडिओ पाहिल्यावर मात्र हे गाणं आता आपलं उरलं नाही, अशी भावना त्यानं बोलून दाखवली. मे २००३मध्ये कॅशची पत्नी जून गेली आणि सप्टेंबरमध्ये तोही गेला. त्या रेकॉर्डिंगमध्ये कॅशचा सूर थरथरतो, वय ऐकू येतं. नॅशव्हिलच्या रीतीनं ते सगळं व्हायोलिनांखाली सहज झाकता आलं असतं. ते उघडं ठेवणारे कान त्या खोलीत होते.