सेवा शिकावी लागते का? भारत सेवक समाजाचा प्रशिक्षणाचा प्रयोग



काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका गावात सात दिवस राहून शोषखड्डे खोदले. सांडपाण्याचा अंदाज घेतला, माती किती पाणी मुरवते ते पाहिले, त्यावरून खड्ड्याचे माप काढले. आकडेमोड मी स्वतः तपासली होती आणि ती बरोबर होती. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा निम्मे खड्डे तुंबलेले होते. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही भांडी राखेनं घासतो. ती राख खड्ड्यात जाऊन बसली. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं." खड्ड्याच्या तोंडाशी राख अडवणारे एक मडके बसवले असते तर काम टिकले असते. पण भांडी कशाने घासता, हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते. ती चूक विद्यार्थ्यांची नव्हती, माझी होती.

तुमच्यापैकी अनेक जण पुढे एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काम कराल, काही जण आजही करत असाल. मनात कळकळ असली की पुरे, असे आपण सहज समजतो. पण सेवेचे काम शिकावे लागते का? लागत असेल तर ते कोणी, कोणाला आणि कसे शिकवायचे? आपल्या देशात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्याला मिळालेली उत्तरे कशी बदलत गेली, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

१. पार्श्वभूमी

गोपाळ कृष्ण गोखले (1866–1915) हे मूळचे शिक्षक. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य होते. आजीव सदस्याने तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवायचे, असा तेथील नियम होता. गोखल्यांनी तो पाळला आणि 1902 मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले.

त्या काळी सार्वजनिक काम बहुतांशी वकील, डॉक्टर, संपादक अशी मंडळी आपला व्यवसाय सांभाळून करत. दुष्काळ पडला की निधी गोळा होई, अधिवेशन आले की भाषणे होत; नंतर जो तो आपल्या कामाला लागे. गोखल्यांना हे अपुरे वाटले. शाळा चालवायला जसे पूर्ण वेळ देणारे शिक्षक लागतात, तसे देशाच्या कामालाही पूर्ण वेळ देणारे आणि त्यासाठी तयार केलेले लोक लागतात, असे त्यांचे मत झाले.

12 जून 1905 रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे त्यांचे पहिले सोबती. (1952 मध्ये सरकारच्या पुढाकाराने याच नावाची एक संस्था निघाली. ती वेगळी, हे ध्यानात ठेवा.)

२. पाच वर्षांची उमेदवारी

समाजात येणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार सर्वांत आधी करीन, सेवेतून स्वतःचा लाभ साधणार नाही, जातपात व धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानीन, संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तिच्यात समाधान मानीन, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, अशा आशयाच्या त्या होत्या.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम निराळाच आहे. प्रवेशानंतरची पहिली पाच वर्षे प्रत्येक जण 'प्रशिक्षणार्थी सदस्य' असे. त्यांपैकी एकंदर तीन वर्षे पुण्याच्या निवासात राहून अभ्यास करायचा आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरून लोकांची स्थिती पाहायची. अभ्यासासाठी समाजाने ग्रंथालय उभारले. 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा तिच्या ग्रंथालयाचा पाया हाच संग्रह ठरला.

हा वेळेचा हिशेब नीट पाहा. अभियांत्रिकीची पदवी आज चार वर्षांत मिळते. गोखल्यांनी सेवेसाठी पाच वर्षे ठेवली होती, आणि त्यांतली दोन निव्वळ पाहण्या-ऐकण्यासाठी!

याच विचाराचा एक प्रसिद्ध दाखला म्हणजे गांधीजी. जानेवारी 1915 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतून परतले. तिथला वीस वर्षांचा लढा त्यांच्या पाठीशी होता. तरीही गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले, की आधी देश फिरून पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. 19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले वारले, पण गांधीजींनी ते वचन पाळले. पुढे सदस्यांमध्ये मतभेद दिसल्यामुळे त्यांनी समाजाच्या सदस्यत्वासाठी केलेला अर्ज मागे घेतला.

३. प्रशिक्षणातून घडलेली माणसे

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजेच ठक्करबाप्पा, हे आपल्या क्षेत्रातले. भावनगरला 1869 मध्ये जन्म, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण. पुढे त्यांनी पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या कामावर आणि नंतर मुंबई महापालिकेत नोकरी केली. महापालिकेत असताना सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या आणि ते अस्वस्थ झाले. 1914 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले. 1922 मध्ये त्यांनी दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ काढले आणि 1932 नंतर हरिजन सेवक संघाचे सरचिटणीस म्हणून काम केले. चाळिशी उलटलेला अनुभवी अभियंता पुन्हा उमेदवार म्हणून उभा राहतो, हे प्रौढशिक्षणाचे उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नारायण मल्हार जोशी 1909 मध्ये समाजात आले. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणी कामगारांच्या वस्तीत लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. 1920 च्या सुमारास लीगने समाजकार्य करणाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. भारतातील समाजकार्य-शिक्षणाचा इतिहास लिहिताना सहसा येथूनच सुरुवात केली जाते.

देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या किंवा शाळाच न पाहिलेल्या प्रौढ स्त्रिया, त्यांत अनेक विधवा, येथे शिकू लागल्या. काही शिक्षिका झाल्या, तर काही ससून रुग्णालयात शिकून परिचारिका झाल्या. जिला आजवर मदतीची पात्र समजले जाई, ती स्त्री आता स्वतः सेवा देणारी झाली.

४. मर्यादा आणि पुढची वळणे

गोखल्यांच्या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. सुरुवातीचे सदस्य पुरुष होते आणि बहुतेक इंग्रजी शिकलेले होते. त्यांची संख्या नेहमीच थोडी राहिली. आयुष्यभराची प्रतिज्ञा घेणारे थोडेच असणार, हे उघड आहे. शिवाय ज्यांची सेवा करायची, ते या प्रशिक्षणात पाहण्याचा विषय होते, शिकणारे नव्हते. सेवासदनाने यातले एक दार उघडले, पण सगळी नाहीत.

पुढचे वळण 1936 मध्ये आले. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. आता समाजकार्य हा प्रतिज्ञेऐवजी अभ्यासक्रमाचा, पदविकेचा आणि पगारी व्यवसायाचा विषय झाला. त्यामुळे अधिक लोकांना, स्त्रियांनाही, दार खुले झाले. मात्र त्या दारातून जाण्यासाठी आधीची पदवी लागत होती.

तिसरे वळण जामखेडचे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या त्या मुलींना खेड्यात एकटे राहणे कठीण गेले आणि गावही त्यांचे ऐकेना. मग गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडली. यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकत आणि उरलेले दिवस गावात काम करत. पुढच्या खेपेला आपले अनुभव घेऊन येत आणि त्यांवरच पुढचा धडा होई. गरोदर बाईची काळजी, मुलांचा आहार, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी अशा गोष्टी त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

५. समारोप

1905, 1936 आणि 1970 ही तीन वर्षे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या टप्प्यात व्रत घेतलेला पदवीधर शिकतो, दुसऱ्यात अभ्यासक्रम निवडणारा विद्यार्थी, तिसऱ्यात गावातली निरक्षर बाई. प्रशिक्षणाची वेळही बदलली: आधी पाच वर्षे शिकून मग काम, ते दर आठवड्याला काम आणि शिकणे बरोबरच. शिकणाऱ्यांचे वर्तुळ मोठे होत गेले, ही या इतिहासाची जमेची बाजू आहे.

पण एक गोष्ट आपण वाटेत हरवली, असे मला वाटते. आज अनेक विद्यार्थी दोन-तीन महिन्यांसाठी संस्थांमध्ये जातात आणि पहिल्याच आठवड्यात उपाय सुचवू लागतात. गोखल्यांनी दोन वर्षे पाहा-ऐका म्हटले होते. तेवढा वेळ आपल्याजवळ नसेल, पण सात दिवसांच्या शिबिरात एक दिवस तरी काढता येतो. त्या गावात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पहिला दिवस फावडे हातात न घेता घरोघरी बसून काढला. खड्ड्यांची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सुरू केली. मडके कुठे आणि किती उंचीवर बसवायचे, ते आजींनी सांगितले.

स्वाध्याय

1. भारत सेवक समाजाच्या प्रशिक्षणात प्रवासाला दोन वर्षे का दिली असावीत? तुमचे मत लिहा.
2. सेवासदन आणि जामखेड येथील प्रशिक्षणार्थींमध्ये कोणते साम्य आढळते?
3. तुमच्या परिसरातील एखाद्या स्वयंसेवी संस्थेत जा. तेथील सर्वांत जुन्या कार्यकर्त्याला किंवा कार्यकर्तीला 'तुम्ही हे काम कोणाकडून शिकलात?' असे विचारा आणि मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.